सेनापती निखारवरचा आळ

मी एक जुना सेनापती आहे. हसू नका, मित्रांनो! उंचीनं तुमच्या बोटाएवढा असलो, तरी सूर्य विझलेल्या एका ग्रहाची अख्खी फौज माझ्या हुकमात होती. आज मी शेलूबाजारच्या एका गॅरेजच्या खिडकीत काळ्या तोंडानं उभा आहे. गद्दार म्हणून! आणि मी गद्दारी केलेलीच नाही.

मी मूळचा मोटरसायकलचा स्पार्क प्लग. इमानानं ठिणग्या पाडल्या, आणि निकामी झालो तसा जगदेव मिस्त्रींनी मला काढून भंगाराच्या डब्यात टाकलं. तिथून त्यांच्या मुलानं, धम्मरत्ननं, मला उचललं. स्पोकचा भाला, वायसरची ढाल, तारेचे पाय. "हा आपला सेनापती," तो धाकट्या बहिणीला म्हणाला. त्या रेणूनं माझं पांढरं चिनीमातीचं तोंड ओढणीनं पुसलं आणि नाव ठेवलं निखार.

नट-बोल्टांची फौज हळूहळू वाढत गेली. धम्मरत्ननं ती घडवली आणि रेणूनं तिला इतिहास दिला. शत्रूनं आमचा सूर्य विझवला; त्याचा शेवटचा निखारा छातीत घेऊन मी नवं आभाळ शोधायला निघालो. आमची शपथ एकच, मागं कोणाला सोडायचं नाही. आणि गद्दाराला एकच शिक्षा, तोंडाला काळं. प्लायवूडवर डोंगर-खिंडी मांडून, फासे टाकून दोघं भावंडं लढाया खेळत.

त्यांचा एक कायदा होता. जो हरेल, त्यानंच लढाई कशी झाली ते सांगायचं. त्यानं सांगितलं तेच खरं, पुन्हा बदलायचं नाही. जिंकणारा काय, फुगवून सांगणारच! हरणारा तरी खरं बोलेल, अशी पोरांची भाबडी समजूत. माझी फौज कैकदा हरली, पण रेणू सांगायची, "निखार सगळ्यात शेवटी निघाला. खांद्यावर जखमी शिपाई होता." अहो, तसं हरण्यातही शान होती!

पुढं धम्मरत्न शिकायला अकोल्याला गेला. सुट्टीत आला तो हॉस्टेलच्या दोस्ताला, मंगरूळपीरच्या अमानला, सोबत घेऊन. अमानकडं विकतची चकचकीत फौज. आमचा डबा उघडताना धम्मरत्न ओशाळं हसला. मला ते हसू झोंबलं. म्हटलं, असू दे, आता रणात दाखवू.

खिंडीच्या दारावर मी पहाऱ्याला होतो. दोस्तावर छाप पाडायच्या नादात धम्मरत्ननं माझे सगळे पहारेकरी उचलून पुढच्या चढाईला लावले, आणि मलाही बाजूला सरकवलं.

"दादा, खिंड उघडी पडून राह्यली ना," रेणू म्हणाली.

"तू गप बस वं!" तो खेकसला.

अमान त्याच खिंडीतून आत शिरला. खेळ खलास.

आता हरणाऱ्यानं सांगायचं होतं. मी निर्धास्त होतो. आपल्याला घडवणारा माणूस आपल्यावर आळ घेईल, असं कोणाच्या मनात तरी येतं का? धम्मरत्ननं घसा खाकरला.

"निखारनं दार उघडलं," तो म्हणाला. "तो पयल्यापासूनच शत्रूले फितूर होता."

"वा बे, भारी!" अमान खूश.

"खोटं हाय हे!" रेणू रडकुंडीला आली. "चूक तुही, अन् नाव त्याचं काहून घेतं?"

"अवं, प्लग हाय तो. त्याले काय समजते?"

असं म्हणून त्यानं बोटावर काळं ग्रीस घेतलं आणि माझ्या तोंडाला फासलं. मित्रांनो, शत्रूचा घाव मी हसत झेलला असता. हे बोट तर ओळखीचं होतं. ह्याच बोटांनी माझे पाय वळले होते.

अमान गेल्यावर, सुट्टीच्या शेवटच्या दिवशी, रेणूनं भावाला खेळायला बसवलं. तिनं माझी फौज घेतली आणि हरली. मुद्दाम हरली! इतक्या वेड्या चाली ती जन्मात खेळली नव्हती. आधीचं बदलता येत नव्हतं, पण पुढचं सांगायचा हक्क आता तिचा होता.

"निखारनं दार उघडलं," ती भावाकडं बघत म्हणाली, "कारण त्याले तसा हुकूम होता. लोकायनं त्याच्या तोंडाले काळं फासलं, तरी हुकूम देणाऱ्याचं नाव त्यानं सांगितलं नाई. कारण तो घरचाच होता."

धम्मरत्ननं मान खाली घातली. रेणूनं पेट्रोलचा बोळा पुढं केला. "पुस."

त्यानं मला उचललं. त्याचा अंगठा माझ्या गालापर्यंत आला होता. तेवढ्यात अकोल्याच्या जीपचा हॉर्न वाजला. त्यानं मला खिडकीत ठेवलं, बोळा शेजारी ठेवला आणि बॅग उचलून निघून गेला. आलो की पुसतो, एवढंसुद्धा म्हणाला नाही.

जगदेव मिस्त्री एकदा मला पुसायला आले, तर रेणूनं त्यांचा हात धरला. "राहू द्या बाबा. ज्यानं फासलं, त्यालेच पुसू द्या."

बोळा वाळून कडक झाला आहे. मित्रांनो, हरलात तर सरळ हरलो म्हणा, पण आपली चूक आमच्यासारख्या मुक्यांच्या माथी मारू नका. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून काय आम्हाला लागत नाही?

जीपचा हॉर्न वाजला की मी अजून रस्त्याकडं बघतो. त्यानं मला मागं सोडलं खरं. पण शपथ मी घेतली होती, आणि माझ्या फौजेत तोही आहे. म्हणून उभा आहे.