घरचीच गांडुळं

थोरली माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. खरं सांगायचं तर गांडुळांच्या तैनातीत. खोक्यात मधोमध पत्रा उभा करायचा, एका बाजूला चांगली माती भरायची, दुसऱ्या बाजूला संशयाची. मग पत्रा काढून मधल्या फटीवर गांडुळं सोडायची आणि दोन दिवसांनी बघायचं, कुठे किती गेली. मातीत शिसं असलं की गांडुळं तिथून काढता पाय घेतात, पाय नसले तरी. साहेबांपेक्षा तिचा त्यांच्यावर जास्त विश्वास होता.

धाकट्या बहिणीने घर घेतलं आणि मागाहून शेजाऱ्यांनी सांगितलं, तिथे पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडायचे. लेक चिंगी नुकती रांगायला लागलेली. हाताला लागेल ते तोंडात. धाकटीने लगेच थोरलीला फोन लावला.

"ताई, तेवढी मागची माती बघून दे गं."

आता प्रयोगशाळेतली गांडुळं घरच्या कामाला मागायची म्हणजे साहेबांचे टोमणे ऐकायचे. कोण ऐकून घेणार? घरचं काम, घरचीच गांडुळं, असं म्हणून थोरलीने धाकटीच्याच परसातून मूठभर उकरून आणली. दोन दिवसांनी बघते तर दोन्ही बाजूंना सारखी.

"बिनघोर राहा, माती चांगली आहे," तिने फोनवर सांगितलं.

"तू म्हणालीस ना, मग झालं."

महिन्याभराने ती धाकटीकडे गेली. परसात वाफे केलेले, आणि चिंगी त्यात बसून तोंड माखून घेत होती. थोरली कौतुकाने शेजारी टेकली आणि हाताला चाळा म्हणून वाफ्याची वीट उलटली. खाली ओल होती. अशा जागी किड्यांची पळापळ व्हायला हवी. तिथे गांडुळांखेरीज चिटपाखरू नव्हतं. तिने पुढची वीट उलटली, त्याच्या पुढची. सगळीकडे तेच.

तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ज्यांना ही माती सोसली नाही ते जीव केव्हाच मेले होते. उरली होती ती शिसं अंगवळणी पडलेली गांडुळं. आणि कौल घ्यायला तिने नेमकी तीच नेली होती.

माती पिशवीत भरून ती निघाली. साहेबांचं मुकाट ऐकून घेतलं, प्रयोगशाळेतली गांडुळं सोडली. झाडून सगळी चांगल्या मातीत जाऊन बसली.

ती परत गेली आणि धाकटी व तिच्या नवऱ्यासमोर सगळं सांगितलं. "माझं चुकलं," म्हणाली. फार वाईट वाटत होतं, तेही म्हणाली.

धाकटीने चिंगीला उचललं, तोंडात बोट घालून ओली माती काढली आणि नवऱ्याकडे वळली.

"शिशासाठी रक्त कुठे तपासतात हो?"

थोरलीला माहीत होतं. नवऱ्याला माहीत नव्हतं. तरी धाकटी त्याच्याकडेच बघत राहिली.