रथ सोडायचा दिवस

“रथ तुम्ही मारताय. वाचवतो म्हणता आणि मारताय.”

हर्खमान यंगवालने तोंडावर सांगितलं, तसा नोटीस डकवणाऱ्या सरकारी साहेबांचा हात थबकला. नेपाळातल्या जावलाखेलच्या मैदानात मच्छिंद्रनाथाचा रथ उभा होता. रथयात्रेचा शेवटचा सोहळा, भोटो जात्रा, काल आटपला; आज रथ सोडायचा, वेताची गाठ न् गाठ उकलायची. दर वर्षी सोडायचा, दर वर्षी नव्याने बांधायचा, हे यंगवालांचं काम. साहेब लोकांना मात्र सोडणं म्हणजे मोडणंच वाटतं. नोटिशीत लिहिलं होतं: रथाला हात लावू नये, वर पत्र्याची शेड होईल, पुढल्या वर्षी हाच ओढावा.

“आजोबा, युनेस्कोच्या यादीत नाव लागायचंय. अर्जात तेराशे वर्षं जुना लिहिलंय,” साहेब दबक्या आवाजात म्हणाले.

“हा? ह्याचा वेत यंदाच्या वैशाखातला आहे!”

युनेस्कोच्या युनबाई शेजारीच होत्या. कोरियाच्या, पण मोडकं नेपाळी धीटपणे बोलायच्या. त्यांनी वेत चाचपला. “मग जुनं काय आहे?”

हर्खमानने चाळिशीतल्या मुलाला हाक मारली. “सानुकाजी, ही गाठ सोड. कापायची नाही.”

सानुकाजी अकराव्या वेढ्याला अडकला.

“गाठ आहे की बायकोचा अंबाडा? किती कुरवाळतोस!”

“बा, तुम्हीच बांधलीय.”

“म्हणून तर सुटेना तुला!”

भोवतीचे यंगवाल खो खो हसले. शेवटी गाठ सुटली. सानुकाजीने तीच परत बांधली. म्हाताऱ्याने पाय रोवून हिसका दिला. हलली नाही.

“हे जुनं,” तो बाईंना म्हणाला. “मीही माझ्या बाची गाठ सोडतानाच शिकलो. ह्याच्या अजून कितीतरी शिकायच्या राहिल्यात, आणि माझे गुडघे गेलेत. रथ असाच ठेवलात तर शेड राहील, बांधणारा राहणार नाही.”

बाईंनी हातातल्या अर्जातल्या तेराशेवर आडवी रेघ ओढली आणि साहेबांकडे पाहिलं.

“पण नोटीस निघालीय, वरून...” साहेब पुटपुटले.

हर्खमानने वेताचं टोक त्यांच्या हातात कोंबलं.

“हा वेत कुजेल त्या वर्षी तुम्हीच बांधणार ना? घ्या, आत्ताच बांधून दाखवा. नाही येत? मग बोला साहेब, ही नोटीस तुम्ही उतरवता की मी उतरवू?”