गुरुवारची बैठक

रविवारच्या बैठकीत ‘छान’ म्हणायला बंदी होती. नियम अप्पारावांचा, आणि घर, टेपरेकॉर्डर, चहा सगळंच त्यांचं असल्यामुळे तो मोडायची कुणाची टाप नव्हती. कॅसेट संपली की प्रत्येकाने आपल्याला काय ऐकू आलं ते सांगायचं. गवई कुठे थांबला, कुठे बिचकला, कोणत्या सुरावर त्याचा जीव जडला. काहीही सांगा, पण स्वतःचं सांगा. ‘गोड होतं बुवा’ असलं गुळमुळीत कुणी बोललं की अप्पाराव उसळायचे, "मंग जिलबी खायची की! इथं कशाला आलास?"

बैठक तरी केवढी? चौघांची. जालन्यात बियाण्यांचं दुकान चालवणारे अप्पाराव, त्यांची बायको उषाबाई, परतूरच्या स्टेशनवर तिकिटं देणारा कारभारी आणि एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये सळया ओढणारा धर्मराज. उषाबाई माहेरी असताना थोडं गाणं शिकल्या होत्या, म्हणून त्यांनी सगळ्यात शेवटी बोलायचं आणि बाकीच्यांनी ते मुकाट ऐकायचं. कॅसेटी आणायचं काम कारभारीचं. औरंगाबाद, परभणी, जिथे कुणाकडे काही आहे असं कळेल तिथे जाऊन, गळ घालून तो ते भरून आणायचा. गाणं अंगात भिनलं की हा गडी मांडीवर अशी थाप हाणायचा की शेजारच्याने दचकून उठावं. आणि धर्मराज? तो एकदा भावासाठी सरकीचं बी घ्यायला दुकानात आला होता. आत टेप चालू होता. पिशवी गल्ल्यापाशी ठेवून तो जो उभा राहिला, तो कॅसेट संपेपर्यंत. अप्पारावांनी विचारलं, काय ऐकलंस? धर्मराज म्हणाला, "ह्ये बाबा खाली यायला तयारच न्हाईत. वरच रेंगाळून राह्यलेत." त्याच रविवारी त्याला बैठकीचं आवतण मिळालं.

ही साधारण पंच्याऐंशी सालची गोष्ट. पुढे दहाएक वर्षं बैठक अखंड चालली. लग्नं, सुतकं, मिलमधली ओव्हरटाइमची दटावणी, काही आडवं आलं नाही.

मिलच्या आवाजाने माणसाचं काय होतं हे मिलमधल्या सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणीच त्याबद्दल बोलत नाही. लालभडक लोखंड रोलरमधून सुटतं तेव्हा दात हलतात. धर्मराज कानात चिंध्या कोंबायचा, डोक्याला फडकं गुंडाळायचा आणि रविवारची वाट बघायचा. त्याच्या कानातून आधी तंबोरा गेला. त्याला वाटलं, कॅसेट घासली. तसं तो बोलला, तर कारभारी दिवसभर रुसून बसला. मग वरचे सूर गेले. गाणारी बाई चढत चढत जायची आणि माणूस गच्चीवर निघून जावा तशी नाहीशी व्हायची. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नस गेलीय, आता परत येणार नाही. यंत्र लावून पाहिलं, तर त्यातून नुसता गोंगाट. घरी कडूबाई, त्याची बायको, एरवी मोठ्या तोंडाचीच. तिचं बोलणं ओठांवरून वाचून भागायचं. पण गाणं काही ओठांवरून वाचता येत नाही.

त्याने हे बैठकीत सांगितलं नाही. का नाही सांगितलं? अहो, काय सांगायचं होतं! बापाची जमीन भावाकडे, घर बायकोचं, अंग मिलचं. स्वतःचं म्हणावं असं माणसाकडे एवढंच होतं की रविवारी दुपारी चौघांत बसून त्याने बोलावं आणि बाकी तिघांनी मान वळवून ऐकावं. ते गेलं तर उरतं काय? म्हणून तो चोरी करायला लागला. जुन्या कॅसेटी त्याला पाठ होत्या. टेपच्या खोक्यावर हात ठेवला की डग्ग्याची धमक तळव्याला लागायची; तेवढ्या आधारावर तो मनातल्या मनात सगळं गाणं म्हणायचा आणि त्याची पाळी आली की मनातलंच बोलायचा. नशीब असं जोरावर की रविवारी जुनंच काही तरी लागे. आज मारवा ऐकू या, उषाबाई म्हणायच्या. पुन्हा तोच मारवा, तीच तोडी, तोच खाँसाहेबांचा भूप. धर्मराज बोलायचा, अप्पाराव माना डोलवायचे, आणि घरी जाताना धर्मराजला वाटायचं, निभावलं बुवा. वर्षभर त्याने असं निभावलं आणि स्वतःच्या हुशारीवर मनातून खूशही झाला.

एका गुरुवारी मिलची भट्टी बंद पडली आणि सगळ्यांना घरी सोडलं. जाता जाता तो अप्पारावांच्या गल्लीत वळला, सहज. दारात कारभारीच्या चपला. गुरुवारी? हा कधी आल्ता? खिडकी उघडी होती. आत तिघं बसली होती, मध्ये टेप, आणि टेपवर एक निळं कव्हर, जे धर्मराजने जन्मात पाहिलं नव्हतं. उषाबाईंच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. अप्पाराव पुढे झुकलेले, तोंड उघडं. आणि कारभारीने मांडीवर थाप मारली. मग आणखी एक.

ती थाप पाहिली आणि धर्मराजच्या लक्षात आलं. रविवारी कारभारी वर्षभर थाप मारत नव्हता. कशी मारेल? रविवारी त्याच त्या कॅसेटी ऐकून माणसाला विटायला झालं असेल.

पहिल्यांदा त्याला संताप आला. मला टाळून बैठक भरवता? पण छे. टाळलं कुठे होतं? त्यांनी तर आपला रविवार त्याला देऊन टाकला होता. त्याला पाठ असलेलंच वाजवायचं, त्याचं पाठ केलेलंच ऐकायचं आणि माना डोलवायच्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. तो तिघांना फसवत होता आणि तिघं मिळून त्याला जपत होती.

तो आत गेला. कारभारी ताडकन उठला, बटण दाबलं, निळ्या कव्हरची कॅसेट काढून उशीखाली सारली आणि दुसरी घातली. हे सगळं इतक्या सफाईने झालं की धर्मराजला रडूच आलं.

"ये, ये," अप्पारावांचे ओठ म्हणाले. "मारवाच लावून राह्यलो होतो बघ."

"काढा तो," धर्मराज म्हणाला. स्वतःचा आवाजही त्याला नीट लागत नव्हता. बहुतेक मोठ्याने म्हणाला असावा, कारण उषाबाई दचकल्या. "उशीखालची लावा."

"धर्मराज, अरे—"

"लावा, अप्पाराव."

लावली. त्याने खोक्यावर हात ठेवला. धमक लागत होती, पण कशाची, ते कळेना. डोक्यात म्हणायला गाणंच नव्हतं. ताल कुठला, राग कुठला, बाई की बुवा, एवढंही नाही. तळव्याखाली कुणीतरी दार ठोठावल्यासारखं होत राहिलं. तिघंही गाणं सोडून त्याच्याकडे बघत होती. कॅसेट संपल्याचं त्याला तळव्याखालचं खोकं गप्प झाल्यावर कळलं.

नियमाप्रमाणे आता बोलायचं होतं.

"मला काहीच ऐकू आलं न्हाई," धर्मराज म्हणाला. "बिलकुल न्हाई. आता तुम्ही सांगा. मला सांगा काय होतं ते."

अप्पाराव समोर येऊन बसले, ओठ मोठे मोठे हलवत सांगू लागले. एक बाई आहे, म्हातारी आहे, आवाज फुटलाय, पण फुटक्या आवाजातच ती गंधारावर अशी उभी राहते की... की काय, ते त्यांना सांगता येईना. दहा वर्षं लोकांना शब्द शोधायला लावणारा माणूस, चाचपडायला लागला. कारभारीने हाताने हवेत रेघ काढली, वर नेली, वळवली, थरथरवली. मग त्याने तोंड उघडून ती तान गाऊन दाखवली. गळ्याच्या शिरा ताठ झालेल्या दिसल्या. शेवटी उषाबाई. त्या म्हणाल्या, "धर्मराज भाऊ, छान होतं हो." आणि पदरात तोंड घालून रडायला लागल्या. अप्पारावांनी त्यांना टोकलं नाही.

"आलं का काही ध्यानात?" अप्पारावांनी विचारलं. तिघांचे चेहरे असे आशेने वर झाले होते की जणू परीक्षा धर्मराजची नव्हे, त्यांचीच होती.

त्याच्या ध्यानात एवढंच आलं होतं की जगात एक म्हातारी बाई आहे, ती गंधारावर उभी राहते, आणि तिची आणि आपली गाठ आता कधी पडायची नाही.

"आलं," तो म्हणाला. "बराबर आलं."

कारभारीला एवढा आनंद झाला की त्याने त्याला मिठीच मारली. पुढच्या रविवारी आणखी नव्या आणतो, सगळं असंच सांगू, एकेक तान सांगू, असं तो पाठीवर थोपटत म्हणत असावा. त्याचे ओठ धर्मराजला दिसत नव्हते. धर्मराज हो, हो म्हणत राहिला.