राखेपुढचे क्रियापद

ठिपका बोटाला चिकटून वर आला तेव्हा कुठे तिला कळले की तो शाईचा नव्हताच, बिस्किटाचा कण होता. म्हणजे सकाळपासून आपण या कणाला स्वरचिन्ह समजून डोके फोडत होतो... तिने तो टिचकीने उडवला आणि पुन्हा ओळीवर वाकली. या हिब्रू लिपीत ठिपक्याची चेष्टा करून चालत नाही. अक्षराच्या पोटात बसला तर एक उच्चार, डोक्यावर उजवीकडे सरकला तर दुसरा, डावीकडे गेला तर तिसराच. आणि उच्चार हलला की अर्थ हलतो, अर्थ हलला की माणूस हलतो – ओळीतला माणूस, आणि कधी कधी ओळीसमोर बसलेलासुद्धा.

"अजून तेच पान?" नवऱ्याने विचारले. तो दातांचा डॉक्टर. दवाखान्यात जाण्याआधी उभ्याउभ्याच चहा संपवायची त्याची सवय.

"पान नाही. शब्द. तोच शब्द."

"माझं बघ. माणूस खुर्चीत बसतो, 'आ' म्हणतो. तेवढ्यात मला कळतं, कुठे दुखतंय, किती दुखतंय, किती घाबरलाय. एक अक्षर! तुम्ही लोक उगाच कीस पाडत बसता."

एरवी ती हसली असती. आज तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती गेली एवढ्याचसाठी की तो जवळजवळ बरोबर बोलत होता. कारण हा जो शब्द गेले कित्येक दिवस भिजत घोंगड्यासारखा पडला होता, त्याच्या तळाशी, काही जाणकार म्हणतात, दुसरे काहीच नाही – नुसता जड झालेला श्वास. छाती भरून येते, घशातून हवा घासत बाहेर पडते, आणि मधले ते अक्षर, तो घशातला 'ह', अजूनही तसाच घासतो. न-ह-म. मग त्या एका उसाशाला पुढे दोन फांद्या फुटल्या. एक म्हणते, माणूस पस्तावला. दुसरी म्हणते, माणसाचे सांत्वन झाले. दोन्ही अर्थ खरे, दोन्ही एकाच मुळातले, आणि भाषांतर करणाऱ्याने मात्र एकच फांदी धरायची, दुसरी आपल्या हाताने तोडायची.

इतर ओळींत निभावून गेले होते. कोण बोलतो, कोणाशी बोलतो ते पाहिले की अर्थ आपोआप एका कुशीवर वळायचा. घोडे अडले ते या एका ओळीपाशी. प्राचीन हिब्रू काव्यातला तो माणूस – मुलेबाळे, गुरेढोरे, अंगावरची धड कातडीसुद्धा गमावलेला – इतका वेळ आकाशाशी भांडत आलेला, आणि आता शेवटी धूळ आणि राख यांच्याविषयी, किंवा त्यांच्यात बसून, हेच एक क्रियापद उच्चारून गप्प होतो. पस्तावला? की निवला? हजारो वर्षांत कोणी सांगू शकलेले नाही. हिब्रूच्या बहिणीसारख्या अरामी भाषेत ते उतरवणाऱ्या एका जुन्या भाषांतरकाराने तर दोन्ही टाळले, त्या माणसाला सरळ विरघळवूनच टाकले – मी ओघळलो, वितळलो, माती झालो. हुशार होता बिचारा. किंवा कंटाळला असेल, माझ्यासारखाच.

तिचा शब्द होता 'निवलो'. दूध निवते, निखारा निवतो, जीव निवतो. राखेशेजारी दुसरे कोणते क्रियापद शोभणार? हा शब्द तिला भांडी विसळताना सुचला होता आणि ओल्या हातानेच तिने तो कॅलेंडरच्या कोपऱ्यावर लिहिला होता. सरांचा शब्द होता 'पस्तावलो'. सर म्हणजे ज्यांनी तिला ही भाषा शिकवली ते. आता ते आणि ती दोघे मिळून हे भाषांतर करत होते, आणि प्रकाशनाच्या कार्यालयातला व्यवस्थापक दोघांच्या मधे बसून घड्याळाकडे बघत होता.

सर हट्टी कधीच नव्हते. तिने काही चांगले सुचवले की ते चष्मा कपाळावर चढवत, "वा, हे माझ्या बापालाही सुचलं नसतं," म्हणत आणि आपला शब्द खोडून टाकत. पण गेल्या वर्षी त्यांचा मुलगा गेला. परगावी, भाड्याच्या खोलीत, रात्री झोपला तो उठलाच नाही. चाळिशीही गाठली नव्हती. ती भेटायला गेली होती. सांत्वनाचे शब्द तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार – हिब्रूतले, अरामीतले, मराठीतले – आणि ती त्यांच्या समोरच्या खुर्चीत मूग गिळून बसली, चहा प्यायली, आणि जिन्यात येऊन स्वतःवरच चिडली. सर लगेच कामावर आले. मुलाविषयी चकार शब्द नाही. फक्त तेव्हापासून खोलीत काहीतरी तापत ठेवल्यासारखे वाटायचे, कोणी झाकण उचलत नव्हते, आणि ती त्यांच्याशी जरा जास्तच मोठ्याने बोलू लागली होती.

कार्यालयाची खोली अरुंद. एक लांब टेबल, एकच खिडकी, तीही पलीकडच्या गोदामाच्या भिंतीवर उघडणारी. व्यवस्थापकाने बसता बसताच सांगितले, "आज एक घाव दोन तुकडे. छापखाना थांबणार नाही."

"तळटीप देऊ," ती म्हणाली. "वर एक अर्थ, खाली दुसरा."

"तळटीप म्हणजे भाषांतरकाराचं रडगाणं," सर म्हणाले. "वाचकाला त्याच्याशी काय?"

"मग 'निवलो' ठेवा. पस्तावायचं कशाबद्दल, सर? त्याने केलंय काय? मुलं त्याची गेली, घर त्याचं गेलं, आणि वर पस्तावायचंही त्यानेच? हा कुठला न्याय?"

"न्यायाचं मी बोलतच नाहीये."

"निवणं हा –"

"निवणं हे पोट भरलेल्या माणसाचं क्रियापद आहे," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. उलट खाली गेला होता. "तो निवला असता तर राखेत कशाला बसला असता? मला असं वाटतं, की माणूस शेवटी... शेवटी त्याला..."

ते थांबले. ओठ उघडे होते. खिडकीबाहेर कोणीतरी लोखंडी शटर खाली ओढले.

"शांत व्हायचं असतं," ती म्हणाली. "तेच तर मी म्हणतेय. शेवटी त्याला निवायचं असतं."

सरांनी तिच्याकडे पाहिले. मग मान डोलावली. एकदा, हलकेच. कागद सारखे केले, पेनाला टोपण लावले, "ठीक आहे," म्हणाले, आणि उठून घरी निघून गेले.

"सुटलो!" व्यवस्थापक म्हणाला. "बाई, जिंकलात. उद्या सकाळी त्यांची एक सही घेतो, की झालं."

जिंकलात. दुपारभर ती पुढची ओळ घेऊन बसली आणि पुढची ओळ जागची हलेना. असे कसे जिंकले? इतके दिवस भांडून, इतके दाखले काढून, आणि हातात काय, तर डोलावलेली मान! सर वाद अर्धवट टाकणाऱ्यांतले नव्हते. हरले तरी हरण्याचे कारण स्वतः समजावून सांगत. तिला वाटले, आपल्याला लहान मुलीसारखे हातावर खाऊ ठेवून गप्प केले. मग वाटले, नाही, त्यांनी हे आपल्यावर उपकार म्हणून केले. मग वाटले, ते थकले. आणि तिन्ही वेळा राग आलाच – आधी त्यांचा, मग त्या व्यवस्थापकाचा, मग त्या हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाचा, की बाबा रे, एवढे सगळे बोललास, पानेच्या पाने बोललास, मग नेमके शेवटचे वाक्यच असे का बोललास?

शेवटी तिने पर्स उचलली आणि सरांचे घर गाठले. त्यांच्याशी पुन्हा भांडण काढायचे, एवढेच तिच्या डोक्यात होते.

दार काकूंनी उघडले. सरांच्या बायकोला ती शिकायला येत होती तेव्हापासून काकूच म्हणायची. काकू स्वयंपाकघरातले फडताळ रिकामे करून बसल्या होत्या; जमिनीवर बरण्याच बरण्या.

"आत आहेत. आल्यापासून बोलले नाहीत. भांडलात?"

"भांडले असते तर बरं झालं असतं, काकू. माझं ऐकलं त्यांनी."

"मग?"

"नुसती मान डोलावली."

काकूंचा हात बरणीच्या झाकणावर थांबला. मग त्यांनी ते फिरवून घट्ट केले, जरुरीपेक्षा जास्तच घट्ट.

"बाबू तसंच करायचा," त्या म्हणाल्या. बाबू म्हणजे त्यांचा मुलगा. "तो अडखळायचा, ठाऊक आहे ना तुला? लहानपणापासून. 'प... प...' करत उभा राहायचा, की हे लगेच पुढे. पाणी? पेन? परीक्षा? शब्दांना काय तोटा यांच्याकडे! खिसे भरलेले. आणि प्रेमानेच हं, रागावून कधी नाही. पोराला त्रास नको म्हणून. पण मग पोर बोलायचंच सोडून द्यायचं. यांनी जो शब्द दिला त्यालाच मान डोलवायची. चुकीचा असला तरी."

"चुकीचा असला तरी?"

"एकदा पतंग हवा होता त्याला. यांनी पट्टी आणून दिली. घेतली की त्याने! बसला रेघा मारत." काकू हसल्या, आणि ते हसू त्यांना आवरता आवरेना म्हणून पदराने तोंड पुसले. "मला माहीत होतं पतंग हवाय ते. मीही गप्प बसले. म्हटलं, जाऊ दे. किती साधी गोष्ट... मोठा झाल्यावर फोन करायचा तो मलाच. माझ्याशी अडखळत बोलायला त्याला काही वाटायचं नाही. मी हातातलं काम करत राहायचे, तो आपला पोचायचा शब्दापर्यंत कधीतरी."

ती बरण्यांमध्ये उभी. काहीतरी म्हणायला हवे होते, आणि जे जे सुचले ते सगळे तयार होते, गुळगुळीत, वापरून झिजलेले. शेवटी त्याला निवायचं असतं... हे मी म्हटलं. त्यांनी 'शेवटी त्याला' म्हटलं आणि थांबले, आणि मी पुढे झाले. मला कुठे ठाऊक होतं त्यांना काय म्हणायचंय? शेवटी त्याला काय? कोणाला? ते त्या काव्यातल्या माणसाविषयी तरी बोलत होते का?

आतल्या खोलीत सर आल्यापासून तसेच, बाहेरच्या कपड्यांत, पलंगाच्या कडेला बसले होते आणि आता कुठे बुटाची नाडी सोडत होते. एक बूट निघाला होता. दुसऱ्याची गाठ बसली होती, आणि ते नखाने ती उकरत होते.

"सर, तुम्ही मघाशी मान्य केलंत ते खरंच मान्य केलंत का?"

"कोश तुझ्या बाजूने आहे," ते वर न पाहता म्हणाले. "माझ्याही बाजूने आहे. कोशाचं काय."

"मी कोशाचं विचारत नाहीये."

गाठ सुटली नाही. त्यांनी हात सोडला. दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले, आणि समोरच्या भिंतीकडे – भिंतीवर काहीच नव्हते – पाहत राहिले.

"बाबूला मी," ते म्हणाले. "मी त्याला कधी..."

आणि थांबले.

शब्द लगेच आले. शिकवलेल्या कुत्र्यासारखे धावत आले आणि तिच्या जिभेशी उभे राहिले – ऐकलं नाही, बोलू दिलं नाही, समजून घेतलं नाही – एकाहून एक चपखल, एकाहून एक दयाळू. कोणताही एक दिला असता तर त्यांनी मान डोलावली असती. तिला ते स्पष्ट दिसत होते. ती मान खाली जाताना दिसत होती. तिने दात दातांवर दाबले. सरांचे ओठ हलले, गळ्याचा कंठमणी वर गेला, खाली आला. घशातून हवा बाहेर पडली, घासत. पुढे काही नाही. बाहेर काकू बरण्या परत फडताळात लावत होत्या, काचेला काच लागल्याचा आवाज येत होता. तिला मात्र असह्य झाले – हे थांबणे इतके शारीरिक असते, खांद्यांत दुखते, हे तिला ठाऊकच नव्हते. एखाद्या बुडणाऱ्याकडे काठावरून बघत राहण्यासारखे ते वाटत होते. की तो बुडत नव्हताच? आपल्यालाच पाण्याची भीती होती?

सरांनी पुन्हा खाली वाकून नाडी धरली.

"उद्या बोलू," ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "मी सकाळी लवकर येते." आणि मग, दाराशी वळून, "सही करू नका एवढ्यात."

रस्त्यावर ऊन तिरपे झाले होते. दुकानांचे फलक, पादचाऱ्यांचे चेहरे, सिग्नलपाशी थांबलेल्या गाड्यांच्या काचांवरली चमक – ती सगळ्यांतून चालत होती आणि कशाचेच नाव मनात उमटत नव्हते. नवऱ्याचा फोन आला.

"काय झालं? ठरला शब्द?"

"नाही."

"अरे! सकाळी तर दोनच होते. अजून एखादा निघाला की काय?"

"दोन्ही गेले," ती म्हणाली.

तो हसला, मग तिचा आवाज ऐकून थांबला. "न्यायला येऊ का?"

"नको. चालते थोडी."

'निवलो' – काल केवढा सुंदर वाटला होता! आता नुसते म्हणून पाहिले तरी तोंडात कोमट लागत होता. आणि तो कोणासाठी हवा होता मला? त्या राखेतल्या माणसासाठी? सरांसाठी? की त्या अरुंद खोलीत रोज त्यांच्या समोर बसून मला चटके बसत होते म्हणून, मला एकदाचं थंड व्हायचं होतं म्हणून... 'पस्तावलो'ही काही बरा नव्हता. तोही दुसऱ्या कोणीतरी पुढे केलेलाच वाटत होता, एखाद्या तोंड उघडलेल्या माणसाच्या हातात घाईघाईने कोंबलेला.

उद्या छापखान्याला काहीतरी द्यावे लागणार होते. व्यवस्थापक आरडाओरडा करणार होता. राग अजून होताच, दुपारी होता तेवढाच, छातीत भरलेला. फक्त तो आता कोणाच्या नावाने काढावा हे तिला सुचत नव्हते. पुलाच्या कठड्याशी ती उभी राहिली. या असण्यालाही कुठल्या तरी भाषेत शब्द असेलच... सवयीने मन शोधायला निघाले होते, दोन पावले पुढे गेलेही. तिने त्याला हाक मारली नाही, पण त्याच्या मागेही ती गेली नाही. श्वास जड आला आणि गेला. पुन्हा आला.