पाच कड्यांची कोंबडी

“बाबा, आपण मंडळ सोडलं, तर गर्टी कोणाची?”

जेवणाच्या हॉलमधला काट्या-चमच्यांचा गलका एकदम थांबला. सतरा वर्षांची मारित खुर्चीवर उभी होती आणि तिच्या मैत्रिणी टेबलाखाली एकमेकींना चिमटे काढत होत्या. त्यांनीच तिला भरीला घातलं होतं, “हिंमत असेल तर सगळ्यांसमोर विचारून दाखव!” आणि सगळ्यांसमोर म्हणजे अगदी सगळ्यांसमोर बरं का! पाच कॉलेजांचे खेळाडू, त्यांचे कोच, लिंडाल कॉलेजचे अध्यक्ष, आणि लिंडालचे क्रीडाप्रमुख कर्ट, म्हणजे तिचे बाबाच.

“मारित, खाली बस. ताटातला हॉटडिश गार होतोय,” बाबा म्हणाले.

“तो परत गरम करता येतो. उत्तर द्या ना.”

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. बाबांचे कान लाल झाले.

“कोणाची म्हणजे? उद्या शर्यत जिंकेल त्याची. आपण जिंकलो, तर ती आपल्या नव्या काचेच्या कपाटात राहील. कायमची. झालं समाधान?”

माझं मुळीच झालं नाही! कारण मित्रांनो, ती गर्टी म्हणजे मीच.

मी एक जुनी पत्र्याची कोंबडी आहे. खरं तर माझा कोंबडा व्हायचा होता. ओले ब्रेक्के नावाच्या लोहाराने मला जुन्या धुराड्याच्या पत्र्यातून कापलं. गोठ्याच्या छपरावर बसून वारा कुठून येतो ते दाखवायचं, असं माझं काम ठरलं होतं. पण तुऱ्याला आणि चोचीला त्याने इतका सढळ हाताने पत्रा वापरला, की शेपटीला उरलाच नाही. मग त्याने तुरा ठोकून बारीक केला आणि म्हणाला, “चला, कोंबडी झाली!” समोरच्या चर्चच्या मनोऱ्यावर एक सोनेरी कोंबडा होता. त्याची ती झुपकेदार शेपटी बघून माझा पहिल्या दिवसापासून जळफळाट व्हायचा. माझा स्वभाव हा असा आहे. लपवून काय उपयोग?

आमच्या गोठ्याशेजारच्या माळावर पानगळीच्या दिवसांत एक लांब शर्यत व्हायची. खोऱ्यातल्या आठ छोट्या कॉलेजांनी मिळून एक क्रीडामंडळ काढलं होतं. ही सगळी कॉलेजं एकाच रेल्वेच्या रुळावरची. सकाळच्या गाडीने जाऊन, खेळून, संध्याकाळी गायींच्या दुधाच्या वेळेला पोरं घरी परतली पाहिजेत. एवढ्याच अंतरावरच्या कॉलेजाला मंडळात घ्यायचं, हाच पहिला नियम. दुसरा नियम आमच्या गोठ्याच्या मालकिणीचा. ती धावपटूंसाठी सूप करायची, पण शेवटचा पोरगा पोचेपर्यंत पातेल्यावरचं झाकण काढायची नाही. जिंकणारे पोट धरून उभे राहायचे. ती म्हणायची, “पहिला आला म्हणून त्याला भूक जास्त लागते होय?”

एका वादळात गोठा कोसळला आणि मी माळावर येऊन पडले. तेव्हा मंडळाने मला उचललं, सळईवर बसवलं आणि शर्यतीचं बक्षीस केलं. जिंकणाऱ्याने मला वर्षभर न्यायचं. पुढच्या वर्षी आगगाडीतून, आणि पुढे बस आल्यावर स्वतंत्र सीटवर, पट्टा लावून, परत आणायचं. आणि सुपाचा नियम माझ्यावरही लागू झाला. शेवटचा धावपटू रेषेवर येईपर्यंत मला कोणी हात लावायचा नाही.

माझ्या पायाच्या सळईत प्रत्येक कॉलेजच्या रंगाचं एक पत्र्याचं कडं असे. वारा सुटला की आठ कडी अशी वाजायची, की बैलांच्या घुंगुरमाळा लाजतील! पण दिवस सारखे राहत नाहीत. हिरव्या कड्याच्या कॉलेजातली पोरं लढाईवर गेली आणि ते कॉलेज पुन्हा उघडलंच नाही. तांबडं आणि पिवळं, जन्माचे वैरी, गरिबीला कंटाळून एकत्र आली आणि दोघांचं मिळून नारिंगी कडं झालं. मग मुलींचं एक कॉलेज जांभळं कडं घेऊन आलं. तेव्हा मला हायसं वाटलं, कारण तोवर त्या सगळ्या मिशाळ घोळक्यात मी एकटी बाई! पुढे रेल्वे बंद पडली, मोठे रस्ते आले, आणि दोन कॉलेजं श्रीमंत होऊन दूरच्या मंडळांत निघून गेली. जाणाऱ्याचं कडं काढून त्याच्या हातात ठेवायची रीत आहे. पक्कड लागते त्याला. दुखतं.

माझे मानाचे दिवसही मी पाहिले. माझ्यासाठी पोरं रडली आहेत. पण शनिवार आला की सगळं गाव त्या लांबट, हातात घेऊन पळायच्या चामड्याच्या फुटबॉलमागे! तो चिखलात लोळतो, त्याच्यासाठी दहा-दहा जण एकमेकांच्या अंगावर पडतात, आणि मी आपली कोपऱ्यात. लिंडालच्या एका जुन्या कोचने तर मला ऑफिसच्या दाराला टेकू म्हणून लावलं होतं. लोक माझ्या चोचीला टोप्या अडकवायचे.

तिथून मला सोडवलं ते मारितने. तिची आई लिनिया लिंडालची कोच झाली, त्या हिवाळ्यात. मारित तेव्हा एवढीशी होती. “आई, ही काकडलीये गं!” म्हणत तिने स्वतःचा लोकरी हातमोजा माझ्या चोचीवर चढवला. मग जुन्या मोज्याने घासून घासून मला लख्ख केलं, शाळेतल्या सगळ्या कागाळ्या मला सांगितल्या. मी जगात कोणावर जीव लावला असेल, तर या पोरीवर.

आणि म्हणूनच, गेल्या महिन्यात ती बाबांबरोबर, लिंडाल आता ज्यात जाणार होतं त्या नव्या, मोठ्या मंडळाची शर्यत बघून आली आणि ओरडली, “आई, काय चषक होता! स्फटिकाचा! उन्हात धरला की गवतावर इंद्रधनुष्य पडतं!” तेव्हा माझ्या अंगाचा कसा तिळपापड झाला असेल, तुम्हीच सांगा. तिने फोटोही दाखवला. उंच, सडपातळ, अंगावर एक पोचा नाही. सवतच ती!

“पुढच्या वर्षी तू लिंडालकडून पळशील,” बाबा म्हणाले, “आणि तो चषक तुझ्या हातात असेल.”

मारित हसली. म्हणजे मी कपाटात, आणि माझी मारित त्या काचेच्या बाईच्या हातात हात घालून! सुपाचं पातेलं नको, कडी नकोत, मला काहीही नको होतं. मला फक्त ती हवी होती.

शर्यतीचा दिवस उजाडला. मला पेंढ्याच्या गठ्ठ्यावर, शेवटच्या रेषेपाशी उभं केलं. नव्या मंडळाचे दोन पाहुणे मोठा कॅमेरा घेऊन आले होते. लिंडालच्या मुली सहज जिंकल्या. त्यांची कप्तान टेसा पहिली आली. बाकीच्याही धापा टाकत पोचल्या. फक्त एक राहिली. वेस्टगार्ड कॉलेजची पाकू वांग. मक्याच्या शेताच्या कडेला तिचा पांढरा बनियन मुंगीएवढा दिसत होता. वेस्टगार्ड हे आमचं सगळ्यात चिमुकलं कॉलेज. त्यांनी मला आजवर एकदाही नेलेलं नव्हतं.

पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. बाबांनी पाहुण्यांकडे पाहिलं. आणि त्यांनी सरळ मला उचललं!

मित्रांनो, मला आवडलं! कॅमेरा माझ्याकडे वळला, ऊन माझ्या पत्र्यावर पडलं. मनात म्हटलं, बघ गं काचेचे, माझाही फोटो निघतोय!

“टेसा, घे,” बाबा म्हणाले.

टेसाने दोन्ही हात पाठीमागे बांधले. तिच्या शेजारणीनेही बांधले. मग एकेक करत सगळ्या निळ्या बनियनवाल्या मुलींनी.

“अगं, घे ना!”

“ती अजून येतेय, सर.”

“पाहुण्यांना लांब जायचंय!”

“मग त्यांना कॉफी द्या,” लिनिया तोंडातल्या तोंडात म्हणाली, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. बाबा मला डोक्यावर धरून तसेच उभे. मी काही हलकी नाही. त्यांचे दंड थरथरायला लागले.

पाहुण्यांतला एक समजूतदारपणे हसला. “आमच्याकडे शेवटचा येईपर्यंत तंबूसुद्धा उतरवून होतात हो!”

मारित पाण्याचे पेले भरत होती. तिचा हात थांबला. “आई,” ती हळूच म्हणाली, “त्या दिवशी तिथं शेवटी कोण आलं?”

“मला काय माहीत? बघायला तू गेली होतीस.”

“मी चषकच बघत बसले. शेवटच्या मुली कधी आल्या, ते मी पाहिलंच नाही.”

तिने पेला खाली ठेवला आणि ती धावत सुटली. दोरीच्या बाहेरून, माळ चढून, मक्याच्या शेतापर्यंत. शर्यत संपेपर्यंत धावपटूला हात लावायचा नसतो, म्हणून शेजारून पळत ती नुसती ओरडत होती.

“पाकू, चल! तुझा एक बूट कुठाय?”

“चिखलाला आवडला! मी देऊन टाकला!”

“मोजा तरी धड आहे का?”

“हसवू नकोस गं! पोटात आधीच गोळा आलाय!”

बाबांनी मला गुपचूप गठ्ठ्यावर परत ठेवलं. पाच कॉलेजांच्या मुली दोन्ही बाजूंना उभ्या राहून टाळ्या वाजवायला लागल्या. पाकू एका बुटाने लंगडत रेषा ओलांडून आली आणि मारितने तिला अशी कडकडून मिठी मारली, की खरं सांगते, मला त्या चिखलाने माखलेल्या पोरीचाही हेवा वाटला! इतक्या वर्षांत मला कधी कोणी अशी मिठी मारली नव्हती.

मग टेसाने मला उचललं. तिने बाबांकडे पक्कड मागितली. लिंडालचं निळं कडं काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि मला पाकूच्या हातात दिलं. “जिंकलो आम्ही. पण जाणारेही आम्हीच. गर्टी राहणाऱ्यांची.” बाबा काहीतरी बोलणार होते. लिनियाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी कडं खिशात टाकलं.

अशी मी वेस्टगार्डच्या बसमध्ये, खिडकीशेजारच्या सीटवर, पट्टा लावून बसले. पायात चारच कडी. मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखं काही जुनं असेल. त्याला जपा, पण काचेआड कोंडून जपू नका. आम्हाला हातात घ्या, पोचे येऊ द्या. आमच्यासाठी कोणी थांबलं नाही तरी चालतं, पण मागे राहिलेल्या माणसासाठी थांबा.

इतकं शहाणपण मला सुचत होतं, तरी डोळे मारितलाच शोधत होते. ती आलीच! बसच्या पायरीवर चढली, माझ्या चोचीवरून बोट फिरवलं आणि पाकूला म्हणाली, “हिला खिडकीपासून हलवू नका. हिला बाहेर बघायला लागतं.”

“मारित, उतर खाली! बस निघतेय,” बाबांनी हाक मारली. आई त्यांच्यामागे उभी होती.

मारित पायरीवरच वळली. तिचे गाल लाल होते, केसांत मक्याचं पान अडकलं होतं.

“आई, बाबा, ऐका. मी लिंडालमध्ये शिकणार नाहीये. मी वेस्टगार्डकडून पळणार.”

“वेस्टगार्ड?” बाबांचा आवाज चिरकला. “अगं, ते सगळ्यात शेवटी येतात!”

“माहितीये. आणि मी जोरात पळते. म्हणजे रेषेवर उभं राहून त्यांची वाट बघायला मला भरपूर वेळ मिळेल. ठरलंय माझं.”