मलईचं शेपूट

जमीलने घोडीचं शेपूट मुठीत धरून उचललं, आणि मूठ अर्धी रिकामी राहिली. त्याने शेपूट सोडलं, हात सदऱ्याला पुसला आणि पुन्हा धरलं. वरून सगळं जागच्या जागी दिसत होतं. आतले, हाडालगतचे केस मात्र कोणीतरी कात्रीने उडवले होते. तेही एकाच बैठकीत नाही. तीन-चार ठिकाणी, वेगवेगळ्या दिवशी, नवशिक्या न्हाव्याने गिऱ्हाइकाचं डोकं बिघडवावं तसे.

मलई म्हणजे काही साधीसुधी घोडी नव्हे. जमीलचं ऐकाल तर जिल्ह्यातल्या निम्म्या संसारांची सुरुवात तिच्याच पाठीवर झाली होती, आणि जे मोडले ते सगळे दुसऱ्या घोड्यांवरून निघालेले. तोफांचा सराव सुरू झाला की देवळाली कॅम्पातली कुत्री खाटेखाली शिरत. मलई कान हलवत नसे. एका वरातीत पेटता फटाका तिच्या पायाशी आला, तो म्हणे तिने खुरानेच विझवला आणि वरच्या नवरदेवाला पत्ता लागू दिला नाही. अशा घोडीचं शेपूट कसं असावं? घोट्याला टेकणारं, दुधासारखं पांढरं. हंगामाच्या तोंडावर जमील स्वतः बसून त्याच्या टोकाला वीतभर मेंदी लावी. वरातीतली जाणती माणसं घोडीचं तोंड नंतर बघतात.

आणि रविवारी विंचूरचा कांदाव्यापारी रविराज पुतण्याच्या लग्नासाठी घोडी बघायला येणार होता. त्याने नाही म्हटलं की अख्ख्या निफाड तालुक्याने नाही म्हटलं.

रेहाना कोंड्याची पाटी घेऊन आली. जमीलने बायकोला शेपूट दाखवलं. उंदीर असतील, असं ती म्हणाली.

"उंदीर कात्री वापरतात?"

रेहानाने पाटी खाली ठेवली आणि ती घरात गेली. आयाळ कातरायची कात्री गव्हाणीजवळच्या खिळ्याला टांगलेली होती. जमीलने ती काढून ट्रंकेत टाकली आणि कुलूप लावलं.

चोर कोण, ते त्याला काळू नालबंदाने सांगितलं. मलईचा खूर मांडीवर घेऊन काळू म्हणाला की बाजारातल्या हॉलमध्ये दोन महिन्यांपासून मुंबईचा कुठलासा सिम्फनी ऑर्केस्ट्रा येतो, आपल्याकडच्या बायकांना फुकट व्हायोलिन शिकवतो. व्हायोलिन ज्याने वाजवतात त्या गजाला केस असतात. कशाचे? घोड्याच्या शेपटीचे. एका गजाला दीडशे.

चौथा नाल ठोकून होण्याआधीच जमीलने लगाम हातात घेतला.

हॉलमध्ये आरोही एकटीच खुर्च्या लावत होती. ऑर्केस्ट्रासाठी गावोगाव श्रोते आणि शिकणारे जमवायचं काम तिच्याकडे होतं, आणि शनिवारच्या कार्यक्रमाला चारच दिवस राहिले होते. तिने मान वर केली तेव्हा मलईचे पुढचे दोन पाय उंबऱ्याच्या आत होते.

"घोडी बाहेर बांधा आधी."

"हिचे केस आत आहेत. मग घोडीपण आतच येणार."

त्याने सगळं सांगितलं, चढ्या आवाजात, मधेमधे चोर हा शब्द पेरत. आरोहीने एक खुर्ची आपटून सरळ केली.

"काका, आम्ही घोडीचे केस वापरत नाही. फुकट दिलेत तरी नाही."

"का?"

"घोडी मुतते तेव्हा शेपूट भिजतं. केस कुजतात. गजाला नराचे केस लागतात, आमचे मंगोलियातून येतात. तुमचे लावले तर व्हायोलिन करवतीसारखं वाजेल."

येताना रस्ताभर जमीलने वीसेक शिव्या जुळवून ठेवल्या होत्या. त्या सगळ्या चोरीसाठी होत्या. या बोलण्याला पुरेल अशी त्यात एकही नव्हती.

"मलईचे केस कुजके?"

"मागच्या महिन्यात एका बाईच्या गजाचे केस गेले. तिला स्वच्छ सांगितलं, नीट दुरुस्त करून आण, नाहीतर स्टेजवर बसू नकोस. आम्ही काहीही चालवून घेत नाही." आरोहीने टेबलावरचा एक पास उचलून त्याच्यापुढे धरला. "शनिवारी येऊन ऐका. कान असतील तर फरक कळेल."

पास जमीलने घेतला. फाडण्यासाठीच घेतला होता. पण घरी येईपर्यंत तो शाबूत राहिला.

शनिवारी दुपारीच रेहाना नाशिकरोडला बहिणीकडे गेली. हल्ली मंगळवारी, गुरुवारीही जात असे. संध्याकाळी जमीलने मलईला हॉलबाहेरच्या लिंबाला बांधलं आणि हाताची घडी घालून तो दुसऱ्या रांगेत बसला. स्टेजवर काळ्या कपड्यांतली पन्नास माणसं होती. गज एकदम वर जात, एकदम खाली येत. लोकांना संगीत दिसत होतं. जमीलला शेपट्या दिसत होत्या. मंगोलियात किती घोडे बोडके फिरत असतील, याचा तो हिशेब करत होता.

मग आरोहीने माईकवर सांगितलं की आता देवळालीच्या आपल्या भगिनी ऑर्केस्ट्राबरोबर वाजवतील. नऊ बायका येऊन शेवटच्या रांगेत बसल्या. तिसरी रेहाना होती. ईदचा हिरवा दुपट्टा घेतला होता आणि हनुवटीखाली व्हायोलिन धरलं होतं. तिच्या हातातल्या गजाचे केस वीतभर लाल होते.

जमील अर्धा उठला. मागचा माणूस खाली बसा म्हणाला, तेव्हा बसला.

वाजवणं सुरू झालं आणि त्याने कान लावले. गल्लीच्या टोकाला चालणाऱ्या घोड्याच्या नालाचा सैल खिळा ओळखणारे कान होते ते. लाल टोक खाली गेलं की तो करवत शोधे, वर आलं की पुन्हा शोधे. मधेच पुढची पन्नास माणसं थांबली आणि चार-पाच श्वास नुसती शेवटची रांग वाजत राहिली. जमीलने तेवढा वेळ श्वास घेतला नाही. त्या रांगेत करवत कुठेच नव्हती.

दाराशी आरोही लोकांना निरोप देत उभी होती.

"कळला फरक?"

"नाही," जमील म्हणाला. दोन पावलं जाऊन तो वळला. "तुम्हाला कळला?"

तिने कपाळाला आठी घातली आणि ती पुढच्या माणसाकडे वळली. रेहाना बाहेर यायच्या आत जमीलने मलईला सोडून घर गाठलं. जेवताना त्याने बहीण कशी आहे म्हणून विचारलं. बरी आहे, असं रेहाना ताटाकडे बघून म्हणाली.

रविवारी रविराज आला तो थोरल्या चुलत्यांना, सावळीरामबाबांना घेऊनच. बाबांनी घोडीचं तोंड बघितलंच नाही. सरळ मागे गेले आणि शेपूट धरलं.

"जमीलभाई, हा झाडू कधी बांधला घोडीला?"

रविराज हसला. मग हसू आवरून म्हणाला, "मालेगावला एक घोडी बघून ठेवली हाय आम्ही. बोडक्या घोडीवर पोरगं बसवलं तर पाहुणे काय म्हणतील?"

रेहाना चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. ती तिथेच थांबली.

जमीलने मलईच्या पाठीवरची माशी उडवली. "मुंबईचा तो ऑर्केस्ट्रा आलाय ना, पन्नास माणसांचा? त्यांच्या गजाला लागले हिचे केस. आधी मंगोलियातून आणायचे."

"आन् आता?"

"आता काय. काल हॉलमध्ये वाजवून दाखवले. हजार माणसं बसली होती, एकाला खोट काढता आली नाही."

हॉलमध्ये खुर्च्या मुळात तीनशे होत्या. ट्रेमधले कप एकमेकांवर वाजले. सावळीरामबाबांनी शेपूट पुन्हा हातात घेतलं. या वेळी दुकानात शाल बघावी तसं, दोन बोटांत धरून.

"वरातीत माईकवरून सांगता येईल का हे?" रविराजने विचारलं.

"सांगा की. घोडीच्या कानाशी मात्र नको, डोक्यात जाईल तिच्या."

तारीख ठरवून ते गेले. रेहानाने कप गोळा केले. एक कप तिने दोनदा उचलला, दोनदा ठेवला.

ऊन कलल्यावर जमीलने ट्रंक उघडली आणि कात्री गव्हाणीजवळच्या खिळ्याला पुन्हा टांगली. मग जुन्या फेट्याची हातभर पट्टी फाडली, मलईचं शेपूट दुमडून वर घेतलं, पट्टी घट्ट गुंडाळली आणि एक थेंबही लागणार नाही इतक्या उंचावर गाठ मारली. मलईने दोनदा झटकून पाहिलं. मग तिनेही नाद सोडला.