काटा बरोबर होता

मित्रांनो, माझ्यावर उभं राहताना माणसं श्वास रोखून धरतात. त्याने वजन कमी होत नाही, पण हे सांगायला मला तोंड नाही. भाईंदर पूर्वेच्या एका डायलिसिस सेंटरमध्ये, दाराशी बसलेला मी जुना वजनकाटा.

जवळच्याच हाटकेश भागातल्या एका कारखान्याच्या गाळ्यात मी तयार झालो आणि आधी एका जिममध्ये गेलो. तिथे काटा खाली आला की लोक नाचायचे! मग इथे आलो. इथल्या माणसांच्या किडन्या थकलेल्या. प्यायलेलं पाणी अंगातच साठतं, वजन चढतं आणि ते पाणी मशीनने काढावं लागतं. म्हणून आधी माझ्यावर चढायचं, मग मशीनवर. केवढा माझा मान!

जवळच्या इंद्रलोक वस्तीत राहणारे पंढरीनाथ माझे लाडके. पक्का चहाबाज माणूस. दर खेपेला वजन जास्त आणि दर खेपेला स्वाती सिस्टरची बोलणी. ते मिस्कीलपणे विचारायचे, "सिस्टर, चप्पल काढू का? अर्धं वजन तिचंच आहे."

मग ते गप्प झाले. चपलेसकट उभे राहायचे, नजर भिंतीकडे. काटा मात्र हवा तिथेच थांबू लागला.

"वा काका! एकदम कंट्रोलमध्ये!" स्वाती म्हणायची. "शिका रे सगळे यांच्याकडून."

त्यांच्या पत्नी मनोरमाबाईही सुखावल्या. घरात चहावरून वाद होत नव्हता. मला मात्र चपलेतूनही त्यांच्या तळव्यांची हाडं टोचत होती. जीव तुटायचा माझा, पण मला आकड्यापलीकडे काही बोलता येत नाही.

एके सकाळी काटा बरोबर होता आणि पंढरीनाथ धापा टाकत होते. डॉक्टरांनी त्यांचा पाय दाबून पाहिला. अंगावरचं मांस झडलं होतं आणि तेवढंच पाणी भरलं होतं.

"काका, जेवत नाही का तुम्ही?" स्वातीने विचारलं.

"जेवतात की! ताट घेऊन बाल्कनीत बसतात, रिकामं आणून देतात," मनोरमाबाई म्हणाल्या.

"कावळ्यांना घालतो," पंढरीनाथ हळूच म्हणाले. "मशीनला बांधून घ्यायचं, घरी जाऊन पडायचं, परत मशीन. नाही जगायचं मला असं. तुलाच मोकळं करतोय, मनू."

"जिवंतपणी कावळ्याला घास घालताय?" मनोरमाबाईंना हुंदका फुटला. "मोकळी होऊन मी भांडू कुणाशी?"

स्वातीला मान वर करवेना.

मग मनाच्या डॉक्टरांना दाखवलं, औषध सुरू झालं. जादू काही झाली नाही. अजूनही ते कधी दारातूनच मागे फिरतात आणि मनोरमाबाई त्यांना हात धरून आणतात. पण स्वाती आता माझ्याकडे बघण्याआधी त्यांच्याकडे बघते.

"काका, मन कसंय आज?"

"वाईट," परवा ते म्हणाले. "फार वाईट."

तिने काही शहाणपण शिकवलं नाही. शेजारी स्टूल ओढून बसली.

मित्रांनो, घरातलं आजारी माणूस एकदम शहाण्यासारखं वागायला लागलं, हट्ट करेना, चहा मागेना, तर कौतुक करायची घाई करू नका. जवळ बसा, विचारा. वजन मी सांगेन, पण बाकीचं तुम्हालाच विचारावं लागेल.

पंढरीनाथ येतात अजून. चपलेसकटच उभे राहतात. ती काढू का, असं ते पुन्हा कधी विचारतील, याची मी वाट बघतोय.